भोईटेआप्पांचा आकडा

शंभरपैकी नऊ.

ईश्वरी भोईटेने मोबाइल झटकला. जणू खरा आकडा आत कुठेतरी अडकलाय आणि झटकला की खाली पडेल! नऊचा नऊच. समोर आप्पा, म्हणजे तिचे वडील, खुर्चीत ताठ बसून कौतुकाने मान डोलवत होते.

"छान बोललीस," ते म्हणाले. "बरोबर आहे."

"काय बरोबर आहे, आप्पा?"

"सगळंच की."

आता ह्या माणसाला काय म्हणायचं? सकाळी वर्गात ह्याच भाषणाला एकाहत्तर मिळाले होते. मागच्या बाकावरची, कधी कुणाचं न ऐकणारी मंडळीसुद्धा मोबाइल खाली ठेवून बसली होती. आणि घरात, सख्ख्या बापापुढे, नऊ. ईश्वरीचं डोकं चक्रावून गेलं.

फलटणच्या तिच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला 'संवाद आणि सभाभाषण' असा एक विषय होता. सक्तीचा. पूर्वी त्यात दगड उभा केला असता तरी पास झाला असता. 'आदरणीय व्यासपीठ' म्हणून सुरुवात करायची, पाठ केलेलं भडाभडा ओकायचं, 'एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो' म्हणून घाम पुसत बसायचं. टाळ्या ठरलेल्या. मग 'पोच' नावाची मनगटपट्टी आली आणि सगळ्यांची पंचाईत झाली.

त्यामागचं विज्ञान तसं समजायला अवघड नाही. एक जण बोलतो आणि दुसऱ्याला ते खरोखर उमगतं, तेव्हा ऐकणाऱ्याचा मेंदू बोलणाऱ्याच्या मेंदूमागून, त्याच चालीने, किंचित उशिरा चालत असतो. कधीकधी तर एक पाऊल पुढेच, कारण पुढचं वाक्य काय येणार ते त्याने आधीच ताडलेलं असतं. प्रयोगशाळेत हे बघायचं तर माणसाला भल्यामोठ्या यंत्रात झोपवावं लागायचं. पुढे कुणाच्या तरी लक्षात आलं, की ह्या सोबतीने चालण्याच्या बारीक खुणा मनगटावरही उमटतात. नाडीत, श्वासाच्या लयीत, कातडीच्या ओलसरपणात. दोघांच्या मनगटांवर दोन पट्ट्या बांधायच्या, मध्ये आकडेमोड करणारं सॉफ्टवेअर बसवायचं, की निघाला आकडा. शंभराच्या जवळ म्हणजे बोलणं पोचलं. शून्याच्या जवळ म्हणजे भिंतीशी बोललात.

बघता बघता पट्टी घरोघरी झाली. विमा विकणारे ती बांधून येऊ लागले. मुलगी बघायला आलेली मंडळी कांदेपोह्यांच्या आधी पट्ट्या मागू लागली. एका नगरसेवकाने भर सभेत आकडा पडद्यावर दाखवायची हौस केली आणि तो अकरावर उतरल्यावर पोटात दुखतंय म्हणून भाषण आवरलं.

कॉलेजात हा विषय ताथवडेकर मॅडम शिकवायच्या. पहिल्याच तासाला त्यांनी फर्मान काढलं होतं, "घरातला एक श्रोता निवडा. सत्र संपेपर्यंत तोच. मनाला येईल तसं माणूस बदलत बसायचं नाही. शेवटी खऱ्या सभेत, खऱ्या लोकांपुढे बोलायचं. तिथे चाळीस आले तर पास."

ईश्वरीने डोळे मिटून आप्पांना निवडलं. अख्ख्या फलटणात आप्पांसारखं ऐकणारं माणूस दुसरं नव्हतं! एसटी स्टँडवर ते वाहतूक नियंत्रक होते. निवृत्तीला थोडेच महिने उरले होते आणि डेपोत त्यांच्या सत्काराचं घाटत होतं. गाड्या विजेवर धावू लागल्या, तिकिटं चेहरा ओळखून निघू लागली, पण फलटणच्या स्टँडवर 'प्रवाशांनी लक्ष द्यावे' हा आवाज अजून भोईटेआप्पांचाच होता. दुपारी गाड्या विरळ झाल्या की त्यांच्या खिडकीशी माणसं जमायची. कुणाचं सुनेशी पटत नाही, कुणाचा बांधावरून वाद. धुमाळमामा तर रोज यायचे. हे आप्पांचे जुने दोस्त, निवृत्त कंडक्टर. सख्ख्या भावाने बोलणं टाकलं, ते दुःख ते आप्पांपुढे रोज नव्याने मांडायचे. आप्पा ऐकून घ्यायचे, मामांच्या खांद्यावर हात ठेवायचे आणि म्हणायचे, "चालायचंच. होईल सगळं नीट." मामा हलके होऊन घरी जायचे. गेल्या वर्षभरात तर आप्पांची ख्याती फारच वाढली होती. आप्पा आता सल्लासुद्धा देत नाहीत, नुसतं ऐकतात, असं लोक आदराने सांगायचे.

आणि अशा माणसाचा आकडा नऊ!

आप्पा आपल्यावर रागावलेत, असं ईश्वरीच्या मनाने घेतलं. बारामतीला फार्मसीची जागा मिळत होती, ती सोडून ती कला शाखेला गेली होती. तेव्हा आप्पा फक्त 'बघू' म्हणाले होते. तो राग पोटात धरलाय आणि वरून 'छान, छान' चाललंय, दुसरं काय! तिने कंबर कसली. पाण्याच्या टंचाईवर बोलून पाहिलं, अकरा. आजोळच्या जत्रेवर बोलली, आठ. शेवटी 'माझे वडील' असं थेट भाषण रचलं, आप्पांच्याच पुढे उभं राहून म्हटलं आणि म्हणता म्हणता स्वतःच रडली. आप्पांनी उठून तिचे डोळे पुसले. आकडा सात.

रागारागाने तिने तीच पट्टी आईच्या मनगटाला बांधली. आई पोळ्या लाटत होती. "बोल तू, माझं लक्ष आहे असं समज," आई म्हणाली. तरी अडुसष्ट आले.

"पट्टी बिघडली असेल," ती दुसऱ्या दिवशी मॅडमना म्हणाली.

मॅडमनी पट्टी उलटसुलट करून पाहिली. "पट्टी ठणठणीत आहे. हे बघ, आकडा कमी येण्याची कारणं दोन. एक तर समोरच्याला समजत नाही. नाहीतर इतकं समजतं, की तो तुला सोडून स्वतःच्या विचारात शिरतो. मग तो तुझ्या चालीने कशाला चालेल? तो त्याच्या वाटेने निघालेला असतो."

"मग दोन्हींतला फरक कसा ओळखायचा?"

"ते पट्टी सांगत नाही बाई," मॅडम हसल्या. "वडील खोल माणूस दिसतात तुझे."

ईश्वरी आणखीच गोंधळली. खोल? आप्पा तिचं बोलणं ऐकून कुठे खोल जात होते? आणि जात असतील तर वर येऊन काही सांगत का नव्हते? नात्यात एवढं अंतर पडलं कधी, तेच तिला उमगेना.

त्या संध्याकाळी तिचा संयम सुटला. आप्पा नेहमीसारखे पट्टी बांधून, ताठ बसून तयार. ईश्वरीने कागद बाजूला टाकला आणि तोच आवाज, तेच हातवारे ठेवून म्हणाली, "आप्पा, मी कॉलेज सोडून सर्कशीत जाणार आहे. तिथे एक मगर दाढी करते. काल तिने अख्खी रेल्वे गिळली."

आप्पांनी मान डोलावली. "बरोबर आहे," ते म्हणाले. "होईल सगळं नीट."

स्वयंपाकघरातून आई खदखदून हसली. "काय बापलेकीची थट्टा चाललीय!" आईच्या हसण्याचा आवाज आला तसे आप्पाही हसले. आधी त्यांनी ईश्वरीच्या तोंडाकडे पाहिलं, मग हसले. तिने ते नेमकं टिपलं.

पुढच्या रविवारी आई देवळात गेल्यावर ती सहज बोलल्यासारखं म्हणाली, "आप्पा, तेवढी किसणी द्या ना." आप्पा उठले. ओट्यापाशी जाऊन थांबले. वळून तिच्या डोळ्यांकडे बघू लागले, ती कुठे बघतेय त्याचा माग काढत. ईश्वरीने मुद्दाम नजर खाली ठेवली. आप्पांचा हात झाऱ्यावर गेला, तिथून गाळणीवर, पुन्हा झाऱ्यावर. किसणी समोर खिळ्याला टांगलेली होती. शेवटी त्यांनी हात खाली सोडला.

"तुला कळलं," ते म्हणाले.

"काय होतंय आप्पा तुम्हाला?"

ते स्टुलावर बसले. शब्द निवडून निवडून, हातात येतील तेवढेच घेऊन बोलले. "ऐकू येतं. सगळं येतं. पण रस्त्यात माणूस भेटतो ना? तोंड ओळखीचं. नाव नाही आठवत. तसं. आधी थोडी... माणसं. आता बरीच."

"मग स्टँडवर माइकवर कसं बोलता?" तिने तोंडापाशी मूठ धरून विचारलं.

"ते पाठ. ते तोंडच बोलतं."

"आणि लोक येतात तुमच्याकडे, धुमाळमामा येतात..."

"धुमाळ रडतो," आप्पा म्हणाले. "ते कळतं."

ईश्वरीला रडूही येईना. किती महिने ती ह्या माणसाचा राग काढायला धडपडत होती, आणि राग नव्हताच. तो असता तर किती बरं झालं असतं!

ह्या आजाराविषयी तिने सापडेल ते वाचून काढलं. मेंदूचा एक कोपरा हळूहळू झिजतो आणि शब्दांचे अर्थ पुसले जातात. क्वचित वापरातले शब्द आधी, रोजचे नंतर. कान शाबूत, उच्चार शाबूत, आठवणीही पुष्कळशा शाबूत. नमस्कार-चमत्कार, सवयीची वाक्यं शेवटपर्यंत टिकतात. म्हणून मितभाषी माणसांच्या बाबतीत घरच्यांना फार उशिरा कळतं. लवकर उपचार झाले तर झीज थोपवता येते, पण गेलेलं परत येत नाही.

"उद्याच डॉक्टरकडे जाऊ," तिने आप्पांना सांगितलं. चार वेळा, वेगवेगळे शब्द लावून, डॉक्टरांची पिशवी आणि सुई हातांनी दाखवून.

आप्पांनी तिचे हात धरले. "सत्कार होऊ दे," ते म्हणाले. "महिनाच आहे. मान वर करून जाऊ दे मला स्टँडवरून. आईला नको. कुणाला नको. शब्द दे."

तिने शब्द दिला. बरोबर केलं की चूक, हे तिला तेव्हाही कळलं नाही आणि पुढचा महिनाभर कळलं नाही. आईशी बोलताना तिची जीभ अडखळायची. आप्पा जेवताना 'बरोबर आहे' म्हणायचे आणि ती ताटावरून नजर उचलायची नाही.

त्यात मॅडमनी तिच्या शेवटच्या परीक्षेसाठी नेमका हाच निवृत्तीचा सत्कार निवडला. खरी सभा, खरे लोक, आणखी काय हवं? कार्यक्रमात ईश्वरीकडे आभारप्रदर्शन आलं. आपल्याकडे आभार म्हणजे काय असतं ते सांगायला नको. वक्ता माइकपाशी येतो आणि सभा चपला शोधू लागते. त्या वेळी चाळीस आकडा आणणं म्हणजे दिव्यच. पण ईश्वरीला नापास होण्याची फिकीर राहिली नव्हती. तिचं लक्ष कार्यक्रमपत्रिकेतल्या एकाच ओळीवर होतं, 'सत्कारमूर्तींचं मनोगत.' सूत्रसंचालन धुमाळमामांकडे होतं. ती त्यांना गाठून म्हणाली, "मामा, आप्पांचा घसा बसलाय. मनोगत तेवढं गाळा." मामांनी ओळीवर काट मारली. तिने निःश्वास सोडला.

मंगल कार्यालय गच्च भरलं. दाराशी अत्तर लावावं तसं कॉलेजची मुलं येणाऱ्याजाणाऱ्याला पट्ट्या बांधत होती. व्यासपीठाच्या बाजूला पडदा. माइक ज्याच्या हातात, त्याचं बोलणं सभेला किती पोचतंय, तो आकडा पडद्यावर. शाल झाली, श्रीफळ झालं, फेटा झाला. भाषणं झाली. भोईटे म्हणजे माणूस नव्हे, कान आहे कान, असं डेपो मॅनेजर म्हणाले आणि त्र्याहत्तरवर जाऊन बसले. आप्पा फेटा सावरत प्रत्येक वाक्याला हात जोडत होते. आई पहिल्या रांगेत डोळ्यांना पदर लावून बसली होती. आता आभार, की संपलं. ईश्वरी उठलीसुद्धा.

पण धुमाळमामांना भरून आलं होतं. "घसा बसलाय म्हणे आमच्या आप्पाचा," ते माइकवर म्हणाले. "बसू दे! वर्षानुवर्षं आमचं ऐकलं, आज आम्ही त्याचं ऐकणार. आप्पा, दोनच शब्द!"

"दोन शब्द! दोन शब्द!" सभा ओरडली. ईश्वरी "मामा, नको" म्हणतेय तोवर माइक आप्पांच्या हातात होता.

आप्पांनी सभेकडे पाहिलं. ईश्वरीला वाटलं, आता पाठ असलेलं काहीतरी निघेल आणि सुटका होईल. पण आप्पांनी माइक दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "तुम्ही बोललात. मला काही कळलं नाही."

सभा खो खो हसली. एवढ्या कौतुकाने अवघडलेल्या माणसाने मारलेली कोपरखळीच वाटली ती. आकडा ऐंशीवर गेला.

"खरंच," आप्पा म्हणाले. "मला कळत नाही. कुणाचंच."

हशा आणखी वाढला. टाळ्या पडल्या. मागून कुणीतरी ओरडलं, "आप्पा, भावना पोचल्या!" त्यावर तर खुर्च्या हलल्या. पडद्यावर चौऱ्याण्णव; आप्पांची नाडी भीतीने धावत होती, सभेची हसून, आणि पट्टीला त्यातला फरक कळत नव्हता. ताथवडेकर मॅडमच्या अख्ख्या नोकरीत एवढा आकडा कुणाला पडला नव्हता.

आप्पांना हशा कळला. तो आपल्याला पाहून आहे हेही कळलं. आपण काय चुकीचं बोललो, ते मात्र कळेना. त्यांनी वळून लेकीकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर इतकी भीती ईश्वरीने कधी पाहिली नव्हती. त्यांनी माइक तिच्या हातात दिला आणि जाऊन खुर्चीत बसले.

पंगतीच्या दिशेने मागची रांग उठली होती. आभार मानले की झालं, आप्पा मान वर करून घरी जातील, लोक हा विनोद वर्षानुवर्षं सांगतील. शब्द दिला होता तिने. पण ज्याने शब्द मागितला, त्यानेच आता सगळ्यांदेखत सांगून टाकलं होतं आणि एकालाही ऐकू आलं नव्हतं. मग दिलेला शब्द पाळायचा म्हणजे काय करायचं? हसू द्यायचं लोकांना?

"बसा," ती माइकवर म्हणाली. आवाज फाटला. "कुणी उठू नका. आप्पांनी विनोद केला नाही. त्यांना आजार झालाय. आपण बोलतो त्याचा अर्थ त्यांना लागत नाही. वर्ष होऊन गेलं. घाबरून त्यांनी कुणाला सांगितलं नाही. आज सांगितलं."

उठलेली माणसं उभीच राहिली. आईच्या डोळ्यांवरचा पदर खाली आला. पडद्यावरचा आकडा घसरू लागला, पन्नास, तीस, बारा. ज्याला त्याला आपापलं माणूस आठवत होतं. कुणाची सगळ्याला 'हो' म्हणणारी म्हातारी आई, कुणाचा हल्ली गप्प गप्प असलेला नवरा. सहा. ताथवडेकर मॅडम मागे भिंतीशी उभ्या होत्या, पण पडद्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

धुमाळमामा पुढे आले. "थांब पोरी. मी रोज ह्याच्या खिडकीशी बसून भावाचं सांगत होतो, ते ह्याला..."

"नाही कळलं, मामा."

"काहीच?"

"तुम्ही रडताय, एवढं कळायचं."

मामांचा चेहरा वेडावाकडा झाला. रागवावं की रडावं, त्यांचं त्यांनाच ठरवता येईना. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, सभेकडे पाहिलं. "मग मला बरं कसं वाटायचं?" ते म्हणाले.



आप्पा खुर्चीतून उठून तिच्याजवळ आले. आता रागावणार, असं तिला वाटलं. शब्द मोडला होता ना तिने! आप्पांनी धुमाळमामांकडे बोट दाखवलं.

"काय म्हणाला तो?" त्यांनी विचारलं. "मला सांग."

वर्षभर सगळ्या जगाला 'बरोबर आहे' म्हणत आलेल्या माणसाने पहिल्यांदाच विचारलं होतं. ईश्वरी सांगायला गेली आणि अडली. 'बरं वाटणं' ह्यातला कोणता शब्द त्यांच्याजवळ शिल्लक असेल, तिला कुठे माहीत होतं? तिने माइक खाली ठेवला, आप्पांचा हात घट्ट धरला आणि दुसऱ्या हाताने मामांना जवळ बोलावलं.

"तुम्हीच सांगा मामा," ती म्हणाली. "सावकाश सांगा. नाही कळलं तर आप्पा विचारतील."